दोन पट्ट्यांमधला अल्बम

चाकणच्या कंपन्यांच्या बस वेळेवर कशा सुटतात, याचा विचार बसमधला माणूस कधी करत नाही. बस उशिरा आली की मात्र तो विचारवंत होतो आणि आपलं सगळं चिंतन फोनवरून मिनल ओव्हाळला ऐकवतो. मिनल गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत ट्रान्सपोर्ट डेस्कवर आहे. कोणती बस कुठून निघेल, ड्रायव्हर कोण असेल, तळवड्याचा चौक तुंबला तर गाडी कुठून वळवायची, हे सगळं ती बसल्या जागी ठरवते. ड्रायव्हर तिला घाबरतात आणि ताई म्हणतात. ही दोन्ही कामं एकाच वेळी करता येतात.

या मिनलने गेल्या दसऱ्याच्या सुमाराला एक अल्बम काढला. प्रायोगिक मायक्रोटोनल संगीताचा संकलित अल्बम. निगडीच्या ओटास्कीम वस्तीत, जिथं ती वडिलांबरोबर राहते, हे वाक्य पूर्ण म्हणून दाखवलं की समोरचा माणूस आदराने मान हलवतो आणि विषय बदलतो. वास्तविक गोष्ट साधी आहे. पेटीवर दोन पट्ट्या शेजारी शेजारी असतात आणि त्यांच्या मध्ये एक फट असते. त्या फटीत आणखी सूर असतात. पेटीला ते वाजवता येत नाहीत, गळ्याला येतात. अशा सुरांचं संगीत म्हणजे मायक्रोटोनल. मिनल याहून सोपं करून सांगते. "बस दोन थांब्यांच्या मध्ये थांबली की आपण तक्रार करतो. पण ज्याचं घर तिथंच आहे त्याला विचारा."

तिचं घर तिथंच होतं. त्याची हकीकत अशी.

तिचे वडील भीमराज ओव्हाळ पिंपरीतल्या एका कंपनीच्या टूलरूममधून निवृत्त झाले. टूलरूम म्हणजे साचे आणि हत्यारं बनवण्याची जागा. तिथं माणसाच्या हाताला कानस चालवण्याची सवय लागते ती सुटत नाही. तरुणपणी भीमराज जयंतीच्या गायन पार्टीत पेटी वाजवायचे आणि त्यांची आई भिमाबाई गायची. भिमाबाईचा आवाज मोठा होता, तिला माइक लागायचा नाही, पण तिचा गंधार, म्हणजे सारेगमधला ग, पेटीच्या कुठल्याच पट्टीवर बसायचा नाही. या पट्टीच्या थोडा वर आणि त्या पट्टीच्या थोडा खाली, असा तो ठाण मांडून असायचा. चुकून नव्हे. रोज, प्रत्येक गाण्यात, तिथंच.

दुसऱ्या कोणी आईला समजावलं असतं. भीमराजांनी पेटी उघडली. आतल्या पितळी पात्या टोकाशी घासल्या की सूर चढतो, बुडाशी घासल्या की उतरतो. आईला शेजारी बसवून, तिला पुन्हा पुन्हा गायला लावून, त्यांनी गंधाराच्या आणि आणखी दोनतीन सुरांच्या पात्या कानशीने तिच्या गळ्याबरहुकूम घासून घेतल्या. त्यानंतर मायलेकाचं गाणं असं काही जुळायचं, की कुठं पेटी संपते आणि कुठं आई सुरू होते ते कळायचं नाही. निदान त्या दोघांना तरी.

मग एका वर्षी दोन पार्ट्यांचा सामना झाला. परीक्षक म्हणून एक संगीत शिक्षक बोलावले होते. त्यांनी निकाल सांगताना माइकवरून सांगितलं, "बाई चांगल्या गातात. पेटी बेसूर आहे. भाऊ, पेटी दुरुस्त करून आणा, मग या." मैदान हसलं. त्या काळी कर्णे चांगले मिळायचे, त्यामुळे मैदानाबाहेरचेही हसले. भीमराजांनी घरी येऊन पेटी शालीत गुंडाळली आणि कपाटावर ठेवली. भिमाबाई पुढेही गात राहिली, पण शेजारी दुसरा पेटीवाला तिने कधी बसू दिला नाही.

मिनल त्या कपाटाखाली लहानाची मोठी झाली. दरवर्षी बुद्धपौर्णिमेच्या आधी घर झाडताना पेटी खाली यायची, पुसली जायची आणि परत वर जायची. वाजायची नाही. आजी गेली तेव्हाही वाजली नाही. घरात आजीची एक कॅसेट होती, कुणाच्या तरी बारशाच्या कार्यक्रमातली, मागे भांड्यांचे आवाज असलेली. ती मात्र भीमराज लावायचे, आणि गंधार आला की बोट हवेत थोडं वर करायचे, जणू समोरच्याला म्हणत होते, इथं, हा.

अल्बमचं बीज कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पडलं. आयटी विभागातली सायली नावाची मुलगी जेवताना कानात हेडफोन घालून बसायची. मिनलने एकदा विचारलं, काय ऐकतेस. सायली म्हणाली, मी स्वतःच बनवते कॉम्प्युटरवर, सप्तकाचे बाराऐवजी एकोणीस भाग करून.

"का? बारा कमी पडतात?"

"हो ना, मिनलताई."

"आमच्या पप्पांनाही कमी पडायचे," मिनल म्हणाली आणि वरण ओतून घेतलं.

पुढच्या रविवारी सायली ओटास्कीममध्ये होती. तिने कॅसेट ऐकली, शाल सोडून पेटीच्या पट्ट्या दाबून पाहिल्या, आणि तिचा चेहरा एखाद्या भाविकासारखा झाला. "काका, अशा पेट्या लोक मुद्दाम बनवून घेतात!"

"आमच्यात त्याला पेटी बिघडणं म्हणतात," भीमराज म्हणाले आणि शाल परत घातली.

सायलीने संगीत केलं होतं, पण ते कुणापर्यंत जावं असं तिच्या कधी मनात आलं नव्हतं. मिनलला लोकांना इकडून तिकडे पोचवणं सोडून दुसरं काही सुचतच नाही. तिने ठरवलं, असं फटीतलं संगीत करणारी माणसं या कारखान्यांच्या पट्ट्यात आणखी असणार, त्यांना एका गाडीत बसवायचं. भोसरीत एक फिटर सापडला. तो सायलेन्सरच्या नळ्यांचे उरलेले तुकडे टांगून वाजवायचा आणि बायको त्याबद्दल फारसं चांगलं बोलायची नाही. आणि चाकणच्या बसचा ड्रायव्हर गोरक्ष म्हणाला, "ताई, आमच्या आईच्या ओव्या घ्या की. तिचं पेटीशी कधीच जमलं न्हाई. भजनातनं दोनदा उठून आली."

गोरक्षची आई गवराबाई निघोज्याला राहते. शेतीचा एक तुकडा कंपन्यांत गेला, उरलेल्यात कांदा होतो, आणि हंगामात ती चाकणच्या बाजारात कांदा निवडायला जाते. घरात गिरणीचं पीठ येतं, पण जातं आहे, आणि आठवण आली की ती त्यावर मूठभर दाणे टाकून गाते. मिनल आणि सायली माइक घेऊन गेल्या तेव्हा गवराबाईने आधी माइकला चहा विचारला असं गोरक्ष सांगतो. तो थोडं वाढवून सांगतो.

"मावशी, तुमचा सूर पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधे येतो," मिनलने समजावलं.

"मंग पट्टी चुकीच्या जागी बसवली आसंल की गं कुनी," गवराबाई म्हणाली. "आमी काय पेटी बघून गायला शिकलो व्हय?"

यावर सायलीकडे एकोणीस भागांचं उत्तर होतं, पण तिने ते दिलं नाही.

राहिले भीमराज. मिनलला खरं तर त्यांच्यासाठीच हे सगळं करायचं होतं. अल्बममध्ये आजीची कॅसेट साफ करून घ्यायची आणि तिच्याबरोबर आज पप्पांनी तीच पेटी वाजवायची, असा तिचा बेत. भीमराजांनी पंधरवडाभर तो विषय ऐकू आला नाही असं दाखवलं. निवृत्त माणसाला हे जमतं. शेवटी एका संध्याकाळी मिनल घरी आली तर पेटी खाली होती, शाल घडी करून बाजूला ठेवलेली होती, आणि ते पात्यांवरचा हिरवा कळंक कापसाने पुसत होते.

"वाजवतो," ते म्हणाले. "पण नाव टाकायचं नाही."

"पप्पा, सगळ्यांची नावं येणार."

"माझ्या नावाने एकदा माइकवरून काय ते ऐकलंय. परत कशाला? पेटी म्हणून लिही, पुढं जागा सोड. लोकांत वाजू दे. ऐकून ठरवू."

ही अट तिने मान्य केली. अल्बमच्या कव्हरवर बसचं चित्र होतं, दोन थांब्यांच्या मध्ये उभी असलेली एक बस. मागच्या बाजूला सगळ्यांची नावं होती आणि एका ठिकाणी 'पेटी' या शब्दापुढे कोरी जागा.

ध्वनिमुद्रण घरातच झालं, खिडकीला गादी लावून. शेजारच्या कुकरची शिटीही दोन पट्ट्यांमधलीच निघाली, पण तिला श्रेय देण्यात आलं नाही. भीमराज कानात आईचा आवाज ऐकत डोळे मिटून वाजवत होते. गंधार आला तेव्हा बोट वर उचलायला हात मोकळा नव्हता, म्हणून त्यांनी भुवई उचलली. मिनलने ते पाहिलं आणि रेकॉर्डिंगचं बटण दाबलंय ना, हे पुन्हा एकदा तपासलं. तिच्या घराण्यात भावना अशाच व्यक्त होतात.

अल्बम खंडेनवमीला बाहेर काढायचा होता, कारण त्या दिवशी ड्रायव्हर बस धुतात, हार घालतात, नारळ फोडतात आणि टेपमध्ये नवा पेन ड्राइव्ह लावतात. वर्षभर तोच वाजतो. परदेशी जाणकारांसाठी सायलीने तो इंटरनेटवर टाकायचं ठरवलंच होतं, पण मिनलच्या मते खरी बाजारपेठ निगडी ते चाकण रस्त्यावर होती. ऐकणारा माणूस तासभर जागेवरून हलू शकत नाही, अशी सोय मोठमोठ्या सभागृहांतही नसते.

आणि इथं मिनलच्या हातून चूक झाली. ती फक्त चाकणमध्येच होऊ शकते. गाणी तयार झाली. सायली कंपनीच्या कामाला चेन्नईला गेली होती. मिनल इतकी वर्षं कारखान्यात काढलेली बाई. फायनल इन्स्पेक्शन झाल्याशिवाय माल गेटबाहेर पाठवणं तिच्या तत्त्वात बसेना. तिने सगळी गाणी क्वालिटी विभागातल्या विलासला दिली. विलास मुळशीकडचा, सज्जन, ऑर्केस्ट्रात हौसेने गाणारा, आणि त्याच्या लॅपटॉपवर सूर मोजणारं एक सॉफ्टवेअर होतं. ती म्हणाली, "एकदा तपासून दे." यापलीकडे काही सांगायची गरज तिला वाटली नाही.

दोन दिवसांत गाणी परत आली. सोबत निरोप, सगळं ओके. कंपनीत ओके म्हणजे ओके. ओके झालेला डबा कोणी उघडून बघत नाही, तो गाडीत चढवतात. मिनलने पेन ड्राइव्ह भरून घेतले, प्रत्येकावर बसचं चित्र चिकटवलं, आणि खंडेनवमीला ते ड्रायव्हरांत वाटले. निघोज्याच्या टेम्पोवाल्यांनाही दिले. गवराबाईने बाजारात कांदा निवडणाऱ्या बायकांना आधीच सांगून ठेवलं होतं की आपण आता गाडीत वाजणार.

पहिल्याच दिवशी प्रतिसाद चांगला होता. "ताई, मस्त हाय," गोरक्ष म्हणाला. "मला वाटलं होतं कायतरी विचित्र आसंल. पर आगदी गान्यासारखंच हाय." मिनलला ही दाद जरा खटकली, पण दसऱ्याची गर्दी होती. संध्याकाळी ती एक पेन ड्राइव्ह घरी घेऊन आली आणि पप्पांसमोर स्पीकर ठेवला.

भीमराज नीट बसून ऐकू लागले. पेटीचा सुरुवातीचा तुकडा वाजला. त्यांनी मान डोलावली. "चांगला हात आहे," ते म्हणाले. "कोण वाजवतंय?"

मिनलला आधी वाटलं ते गंमत करताहेत. ते गंमत करत नव्हते. ते खरोखर कौतुकाने ऐकत होते. पेटी लखलखीत सुरात होती, एखाद्या दुकानात कालच घेतलेली असावी तशी. "तुम्हीच आहात, पप्पा," ती म्हणाली.

मग त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की ते पाहून तिला वाईट वाटावं. त्यांना आनंद झाला होता. "म्हणजे सुरात लागली होय अखेर," ते हळू म्हणाले. इतकी वर्षं कपाटावर बसलेली गोष्ट अशी फुकटात मिटते आहे, तर ती मिटू द्यावी, असं मिनलला एक क्षण वाटलं. तिने स्पीकरकडे हात नेला नाही.

मग भिमाबाईचा आवाज आला. भीमराजांचं बोट सवयीने वर गेलं, गंधाराची वाट बघत. गंधार आला आणि बोटाच्या शेजारून निघून गेला. बोट तसंच हवेत राहिलं.

"बंद कर," ते म्हणाले.

"पप्पा..."

"आवाज आईचा आहे. शिकवणी दुसऱ्याची आहे. आईला कोणी सुधारलं?"

दसऱ्याच्या सुटीनंतर सकाळी पहिली बस पोचायच्या आत मिनल क्वालिटी विभागात उभी होती. विलासला वाटलं ती आभार मानायला आलीय.

"मॅडम, लय काम निघालं राव त्यात," तो म्हणाला. "जवळजवळ सगळा लॉट टॉलरन्सच्या बाहेर होता. ती ओवीवाली आजी तर पूर्ण आउट. रिजेक्ट करणार होतो, पण म्हटलं ताईंचं काम आहे, रीवर्क करू. एकेक सूर उचलून जागेवर बसवलाय."

"विलास, ते जागेवरच होते."

"कुठल्या जागेवर?"

"जिथं होते तिथं."

विलासला वाईट वाटलं, पण आधी त्याला प्रश्न पडला. "मॅडम, जॉब बरोबर की चूक हे मी ड्रॉइंगवरची मापं बघून ठरवतो. ड्रॉइंग दिलं नाही तर मी स्टँडर्ड धरतो. मला ड्रॉइंग कुठं दिलंत?"

क्वालिटीच्या माणसाशी भांडताना नेमकं हेच होतं. तो चुकला तरी त्याचा मुद्दा बरोबर असतो. मिनल म्हणाली, "ड्रॉइंग माझी आजी होती. कॅसेट घरी आहे. रविवारी ये."

रविवारी विलास लॅपटॉप घेऊन ओटास्कीममध्ये आला. दारात चपला काढून, "जयभीम काका, माझ्याकडून चूक झाली," असं म्हणाला. भीमराजांनी त्याला पाणी दिलं आणि कॅसेट पुढे केली. विलासने मूळ कॅसेट लावली. भिमाबाईचा गंधार आला तसा पडद्यावर एक काटा उभा राहिला. स्टँडर्डच्या खाली, दोन पट्ट्यांच्या मध्ये. पुढच्या ओळीत पुन्हा गंधार, काटा पुन्हा तिथंच. तिसऱ्या गाण्यात तिथंच. विलास खुर्चीत पुढे सरकला.

"काका, तुमची पेटी वाजवा. तोच सूर."

भीमराजांनी भाता ओढला आणि पट्टी दाबली. काटा हलला, थरथरला, आणि आईच्या वेळी जिथं होता तिथंच येऊन बसला. विलासने दुसरे सूर घेतले. एक जरासा सरकलेला होता. भीमराज म्हणाले, वर्षं झाली, पाती कळकली असेल. बाकीचे सगळे बसत गेले. शेवटी विलास मागे टेकला. मग त्याने त्याला येतं तेच म्हटलं.

"ड्रॉइंगप्रमाणे ओके आहे, काका."

"मला माहीत होतं," भीमराज म्हणाले. पेटी मात्र त्यांनी बंद केली नाही, आणि विलास जाईपर्यंत उगाचच पट्ट्या दाबत राहिले.

मिनलला वाटलं झालं काम. तिने कव्हरवरच्या नावाचं विचारलं. भीमराजांनी मान हलवली. "घरात बरोबर असून काय उपयोग? घरात मी तेव्हाही बरोबरच होतो. लोकांत वाजू दे."

मग माल परत बोलावण्याचं काम सुरू झालं. गाड्यांच्या कंपन्या असं करतात तेव्हा पेपरात येतं, मिनलने ते फोनवर केलं. विलासने स्वतः सुटीच्या दिवशी बसून सगळी गाणी पूर्ववत केली, सायलीने चेन्नईहून प्रत्येक गाणं ऐकून होकार दिला. ड्रायव्हरांनी जुने पेन ड्राइव्ह देऊन नवे घेतले. निघोज्याच्या एका टेम्पोवाल्याने द्यायला नकार दिला. त्याला सुधारलेलंच आवडलं होतं. तो आजही तेच वाजवत फिरतो, आणि रस्त्यात भेटला की विलास त्याला चहा पाजतो. गवराबाईला दोन्ही ऐकवले. पहिलं ऐकून ती म्हणाली, "ही कोन बाई? शेहरातली दिसती." दुसरं ऐकून तिने कांद्याच्या ढिगामागे बसलेल्या बायकांना मोबाइलवर ते लावून दिलं आणि स्वतः त्याच्याबरोबर गात बसली.

नवा अल्बम बसमध्ये वाजू लागला तशा तक्रारी सुरू झाल्या. स्पीकर बिघडलाय, टेपचा वेग कमी झालाय, वायर लूज आहे. बसमधल्या तक्रारी ट्रान्सपोर्ट डेस्ककडे येतात. म्हणजे अल्बमबद्दलचा सगळा रसिकांचा अभिप्राय निर्मातीलाच थेट मिळत होता, अशी सोय फार कमी कलावंतांना असते. तिने प्रत्येकाला एकच उत्तर पाठवलं. स्पीकर तपासला, दोष आढळला नाही. थोड्या दिवसांनी काही लोक तक्रारीऐवजी विचारू लागले, ते नळ्यांचं कोण वाजवतं, ती आजी कुठली. पेंट शॉपमधल्या एका मुलीने ओवी मोबाइलची रिंगटोन केली. दूरच्या कुठल्याशा देशातून सायलीच्या इंटरनेटवरच्या पानावर एक लांबलचक अभिप्राय आला. मिनलने तो भाषांतर करून घेतला आणि नोटीस बोर्डावर लावला, बसच्या वेळांच्या शेजारी.

पण 'पेटी' पुढची जागा कोरीच होती. दिवाळीनंतर एका सोमवारी मिनल पप्पांना म्हणाली, "चला, बसने. स्वतः ऐका."

कंपनीच्या बसमध्ये बाहेरचा माणूस चालत नाही. हा नियम मिनलनेच कडक केला होता. म्हणून तिने रीतसर पाहुण्याचा पास काढला आणि कारण लिहिलं, स्पीकर तपासणी. भीमराज इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून निगडीच्या थांब्यावर आले आणि पासाप्रमाणे खरोखर स्पीकरखाली जाऊन बसले. बस भरली. पहिल्या शिफ्टची माणसं, अर्धी झोपेत, अर्धी मोबाइलमध्ये. तळवडं मागे पडलं. गोरक्षने आरशात मिनलकडे पाहिलं आणि ते गाणं लावलं.

पेटी सुरू झाली. भिमाबाईचा आवाज आला, मागे कुणाच्यातरी बारशाच्या भांड्यांसकट. भीमराज खिडकीबाहेर बघत होते. त्यांची मान ताठ झाली होती, आणि मिनलला कळलं की ते मैदान ऐकताहेत. गंधार आला.

"गोरक्षभाऊ!" मागून एक जण ओरडला. तो असेंब्लीतला होता आणि त्याचा आवाज झोपमोडीचा होता. "स्पीकर फाटलाय राव तुमचा! कंपनीला सांगा, नवा घ्या!"

दोनचार जण हसले. गोरक्षने गाडी चालवण्यात एकाएकी फार लक्ष घातलं. मिनल उत्तर द्यायला उठली. तिचं उत्तर तयारच होतं. पण भीमराज तिच्या आधी उठले होते. वरचा दांडा धरून, हलणाऱ्या बसमध्ये पाय रोवून, ते मागे वळले.

"स्पीकर चांगला आहे," ते म्हणाले. "ती पेटी आहे. मी वाजवलीय."

झोपलेल्यांनीही डोळे उघडले. चाकणच्या बसमध्ये असं फक्त पगाराची चर्चा निघाली तर होतं.

"तुम्ही?"

"मी. भीमराज. आणि गातेय ती माझी आई."

मागचा माणूस आता पुरता जागा झाला होता. "तसं नाही काका," तो म्हणाला. "म्हणजे ते मधेच असं सरकल्यासारखं होतंय ना..."

"ते मुद्दाम आहे."

"मुद्दाम आहे होय," तो माणूस म्हणाला. थोडा विचार करून त्याने शेजाऱ्यालाही सांगितलं, मुद्दाम आहे म्हणे. शेजारी म्हणाला, मला वाटलंच. मग पुढे हाक आली. "गोरक्षभाऊ, परत लावा की जरा पहिल्यापासून. आन आवाज वाढवा. काकांचं हाय."

गोरक्षने पहिल्यापासून लावलं. भीमराज बसले नाहीत. निघोज्याच्या वळणापर्यंत दांडा धरून उभे राहिले, आणि गंधार आला की मोकळ्या हाताचं बोट वर करत राहिले. मागच्या दोनतीन सीटवरची माणसं बोटाकडे बघत होती. पुढच्या वेळेला त्यांच्यातल्या एकाने बरोबर तिथं मान हलवली.

कंपनीच्या गेटवर सगळे उतरले तेव्हा मिनल वडिलांच्या शेजारी येऊन उभी राहिली. दोघंही काही वेळ बस वळताना बघत होते. बस वळताना बघण्यात त्या घरात कोणाला कधी कंटाळा आला नाही.

"नाव काय लिहू?" तिने विचारलं. "भीमराज ओव्हाळ?"

"भीमराज भिमाबाई ओव्हाळ. पेटी दोघांची आहे."

"बरं."

"कुठं येणार ते?"

"कव्हरवर. मागच्या बाजूला, सगळ्यांची आहेत तिथं."

भीमराजांनी जरा विचार केला. "पुढं जागा नाही?"

"पुढं बस आहे, पप्पा."

"मग बस जरा मागं घे," ते म्हणाले, आणि शर्टाची घडी नीट करत परतीच्या गाडीकडे चालू लागले.